एक जुलै

चिमणबागेच्या मैदानाला लागून आमच्या मंडळाची खोली,
खोलीबाहेर काळा फळा.
रोज सकाळी मी लिहिते:
आजच्या तारखेला कोण जन्मलं, कोण जिंकलं,
कुणाचा उच्चांक कुणी मोडला.

बहुतेक तारखा कंजूष.
बारा मार्चला एकच नाव, तेही कॅरमचं.
चार नोव्हेंबरला एक कप,
अजून कपाटात आहे, एक कान तुटलेला.

पण एक जुलैला फळा पुरत नाही.
मोइन पटेल, कुस्ती, सत्तावन्न किलो.
दुर्गा बामनिया, खो-खो, आणि तिच्या दोन्ही बहिणी,
साल वेगळं, तारीख तीच.
हॉकीचे तीन गोली. त्यांना बाद ठरवणारा पंचसुद्धा.
अक्षर बारीक करत करत
मी चौकटीच्या लाकडावर चढते.

नवा आलेला पोरगा विचारतो,
"ताई, या दिवशी जन्मलं की खेळाडूच होतो का?"
काय सांगू त्याला,
एक जुलैला इंदुरात फारसं कुणी जन्मत नाही,
एक जुलैला शाळा उघडते.

खिडकीपाशी माझे बाबा बसत, दिघे बाबू,
पुढ्यात दाखल्याचं जाड रजिस्टर.
बाहेर आयांची रांग.
कुणी म्हणे, गेर निघाली होती,
रंगाने भिजलेली दाई आली घरात.
कुणी म्हणे, ज्या साली खान नदी पुलावर चढली.
मोइनची अम्मी म्हणाली, ताजिये उठायच्या आदल्या रात्री.
बाबा सगळं ऐकत, मान डोलवत,
पोराला म्हणत, उजवा हात डोक्यावरून ने.
बोटं डाव्या कानाला लागली की सहा पूर्ण.
आणि रकान्यात, वळणदार,
०१ जुलै.

गेंदालाल वर्माच्या आईने सांगितलं होतं,
भिंतीवर संजा होती, पोरी गात होत्या,
शेण अजून ओलं होतं.
म्हणजे भादवा. म्हणजे सप्टेंबर.
बाबांनी तेव्हाही मान डोलवली.

पुढे गेंदालाल चारशे मीटर धावू लागला,
अनवाणी, उजवा खांदा जरा पाडून.
राज्याच्या संघासाठी निवड झाली,
आणि परिपत्रक आलं:
जन्म एक जुलैनंतरचा हवा.
नंतरचा.
एक दिवस कमी पडला.
साऱ्या मैदानात त्याला मागे टाकणारं कुणी नव्हतं,
माझ्या बापाच्या टाकाखेरीज.

बाबांनी अर्ज केला. शपथपत्र केलं.
साहेबांनी विचारलं, पुरावा?
बाबा म्हणाले, संजा.
साहेब मराठी होते, पण पुण्याचे.
त्यांना ते बाईचं नाव वाटलं.

आता गेंदालाल चुन्याच्या रेघा मारतो,
इथेच, शाळांच्या स्पर्धांआधी.
रेघ इतकी सरळ की तिच्यावर पाय द्यायला लाज वाटावी.
दर एक जुलैला संध्याकाळी घरी येतो,
पुडीत भुट्ट्याचा कीस, वर खोबरं, लिंबाची फोड.
"बाबू, तुम्ही दिलेला वाढदिवस, तुम्हीच खा पहिला घास."
टोमणा आहे की माया, मला अजून कळलेलं नाही.
विचारायची हिंमत नाही.

बाबांना आता माणसं ओळखू येत नाहीत.
परवा खाटेवर बसल्या बसल्या
उजवा हात त्यांनी डोक्यावरून नेला,
बोटं चाचपडत राहिली,
कान सापडेना.
गेंदालालने कोपराखाली हात दिला,
थोडं वर, थोडं पलीकडे.
"लागला, बाबू. सहा पूर्ण."
बाबा हसले. म्हणाले, "घ्या, दाखल करा."

आजच्या फळ्यावर गेंदालाल नाही.
गेली चार वर्षं मी त्याचं नाव इथे लिहीत नाही.
त्याची ओळ तयार आहे वहीत:
चारशे मीटर, पन्नास पूर्णांक दोन सेकंद,
चिमणबाग, हाताने धरलेली वेळ.
भादव्यात कुठल्यातरी सकाळी लिहायची,
समोरच्या गल्लीत भिंतीला शेण लागलं की.

पण त्या भिंतीला यंदा टाइल्स बसल्यात.
बघू.